खोबणीतली कामटी

आकाशकंदिलाचा सांगाडा बांधताना वाकवलेली कामटी सटकते आणि पोराच्या वरच्या पापणीत घुसते. आई ती ओढून काढते, हळद दाबते. जखम जेमतेम अर्धा सेंटिमीटर, दिसतंय व्यवस्थित. मग काही आठवड्यांनी पापणी सुजते, डोळा पुढे येतो, वर बघताना एकाचे दोन दिसतात. जखमेच्या तोंडातून पू झिरपतो. औषध चालू असेतो थांबतो, बंद केलं की पुन्हा येतो. हे ऐकल्यावर डॉक्टर आधी विचारतात, “काढलेल्या कामटीला टोक होतं का?”

डोळ्याच्या खोबणीत जागा साधारण 30 मिलिलिटर. त्यात डोळा फक्त सातेक मिलिलिटरचा. बाकी चरबी, स्नायू, नसा. डोळा गोल आणि बुळबुळीत, त्यामुळे अणकुचीदार वस्तू त्याला चुकवून मागे सरकते. नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ, छतही तसंच, आणि छतावर थेट मेंदू.

अशीच इजा जुन्या काळीही झाली. 30 जून 1559 रोजी पॅरिसमध्ये भाल्यांच्या खेळात फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या शिरस्त्राणातून मोडलेल्या भाल्याच्या ढलप्या उजव्या डोळ्यापाशी घुसल्या. उपचाराला शल्यविशारद आंब्रुआझ पारे आणि शरीररचनातज्ज्ञ व्हेसालियस, म्हणजे त्या काळातलं सर्वोत्तम ज्ञान. तरी 10 जुलैला राजा गेला. 336 वर्षांनी क्ष-किरण सापडले. पण गंमत अशी, की त्या ढलप्या साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसल्याच नसत्या. धातू लख्ख उमटतो, लाकूड नाही.

1971 मध्ये विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, तेव्हापासून खोबण आतून बघता येऊ लागली. पण लाकूड तिथेही फसवतं. सीटीच्या घनतेच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे 1000, खोबणीतली चरबी उणे 100च्या आसपास. वाळलेल्या लाकडात हवा भरलेली, म्हणून ते पडद्यावर हवेच्या बुडबुड्यासारखं काळं दिसतं. दिवसागणिक ओल शोषून उजळतं आणि आजूबाजूच्या मांसात मिसळून जातं. मुरलेला रेडिओलॉजिस्ट अशा वेळी पडद्यावरचा करडेपणाचा पल्ला रुंदावतो. मग त्या काळ्या डागाला सरळ कड दिसते, कधी आत रेघाही. हवेला सरळ कड कुठून येणार! शंका उरली तर एमआरआय. पण आत लोखंड नाही याची खात्री झाल्यावरच, नाहीतर एमआरआयचा चुंबक ते जागचं हलवेल.

सापडलेलं सगळंच काढत नाहीत. खोल, दृष्टीच्या नसेजवळ निमूट बसलेला छर्रा किंवा काच बऱ्याचदा तशीच ठेवतात. काढण्याच्या खटपटीतच नजर जायची. लाकडाला मात्र ही सवलत नाही. त्याच्या छिद्रांत जंतू आणि बुरशी घर करतात.

ओढताना टोक आत मोडून राहू शकतं, म्हणून घुसलेली वस्तू घरी उपसू नये. वर कागदी पेला पालथा धरावा, डोळा दाबू नये, भूल द्यावी लागेल म्हणून काही खाऊपिऊ घालू नये आणि मोडलेला उरलेला तुकडा रुग्णालयात सोबत न्यावा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते तिथे सांगावं.

शस्त्रक्रियेत बहुतेकदा जुन्या जखमेच्या वाटेनेच आत शिरतात. नाकाकडच्या तुकड्यासाठी नाकातून दुर्बीणही घालतात. भिजलेली कामटी चिमट्यात भुगा होते. म्हणून ती हलक्या हाताने, आली त्याच रेषेत मागे ओढायची, जागा धुवायची, पुन्हा शोधायची. निघालेले तुकडे गॉजवर ओळीने मांडतात, शेजारी घरून आणलेली कामटी ठेवतात आणि अजून टोक निघायचं राहिलंय का ते मोजतात.