धरणं भरली नाहीत, म्हणजे नेमकी किती?

पावसाळा सरत आला की जुन्नर-आंबेगावात एक प्रश्न हटकून निघतो: धरणं भरली का? कुकडी प्रकल्पाची धरणं पाच. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे जुन्नर तालुक्यात, डिंभे आंबेगावात. पाचही तुडुंब असतील तर 'धरणं भरली' हे खरं. एकही भरलेलं नसेल तर 'धरणं भरली नाहीत' हेही खरं. पण तीन भरली आणि दोन राहिली, तर? मग 'भरली' म्हणवत नाही आणि 'नाही भरली' म्हणायलाही जीभ रेटत नाही. माणूस हो-नाहीच्या फंदात न पडता सांगतो, 'तीन भरलीत.'

होकार आणि नकार यांच्यामध्ये शेतांतल्या बांधासारखी ही जागा उरते. ती कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही. 'सगळी' हा शब्द घातला की ती नाहीशी होते. तीनच भरली असताना 'सगळी धरणं भरली' हे उघड खोटं आणि 'सगळी धरणं भरली नाहीत' हे बिनतक्रार खरं. म्हणजे नुसतं अनेकवचन आणि 'सगळी' एक नव्हेत, जरी होकारात दोन्ही सारखीच वाटत असली तरी.

भाषाशास्त्रात या गुणाला एकजिनसीपणा म्हणता येईल. जेनेट डीन फोडर यांनी १९७० च्या प्रबंधात त्याची दखल घेतली. पुढे काहींनी ते वाक्याचं गृहीतक मानलं: समूह एकसारखा वागतो असं धरूनच आपण बोलतो. मॅन्युएल क्रिझ आणि इमॅन्युएल शेमला यांनी २०१५ मध्ये प्रयोगांतून तपासलं, तेव्हा अशी अर्धवट परिस्थिती लोकांना खरी-खोटी यांपलीकडची वाटते हे दिसलं. मला मात्र क्रिझ यांचा दुसरा मुद्दा अधिक पटतो. अपवाद चालेल की नाही हे ठरतं प्रश्न कशासाठी विचारला त्यावर. डाव्या कालव्याच्या टोकाकडचा, कर्जतचा शेतकरी आवर्तन सुटेल का एवढंच विचारतोय, आणि चार धरणं भरून पाचवं काठाला आलंय. तर 'भरली हो धरणं' म्हणणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. पाटबंधारे खात्याच्या नोंदवहीत तेच वाक्य चुकीचं ठरेल. 'सगळी' म्हटलं की ही सवलत जवळजवळ संपते.

क्रियापदंही सारखी नसतात. 'चाळीतले कांदे सडले' म्हणायला अख्खी चाळ सडावी लागत नाही, बराच माल गेला तरी पुरे. उलट 'कांदे निवडून झाले' म्हणायचं तर शेवटचा ढीगही निवडलेला हवा. यंगून युन यांनी १९९६ मध्ये हा भेद मांडला.

आता बिबट्यांकडे. इथे समूह आधीपासून ठरलेला नाही, म्हणून कोडं वेगळं. 'उसात बिबटे आहेत' ऐकून आपण एकाहून जास्त समजतो. मग 'उसात बिबटे नाहीत' याचा अर्थ 'एकाहून जास्त नाहीत, एखादा असेल' असा का होत नाही? तसं समजून ऊस तोडायला कोण जाईल! नकारात एकसुद्धा चालत नाही. क्रिफ्का, सावरलँड, स्पेक्टर प्रभृतींचं उत्तर साधारण असं: अनेकवचनाच्या मूळ अर्थात एकही सामावतो; 'एकाहून जास्त' ही होकारातली भर आहे. एकच असता तर बोलणाऱ्याने 'बिबट्या आहे' म्हटलं असतं, असं ऐकणारा ताडतो. नकारात ती भर गळते.

आपल्याकडे मीमांसकांनी वेगळ्या कारणासाठी अनेकवचनाचा हिशेब मांडला होता. यज्ञविधीत कपिंजल पक्षी बहुवचनात आले, तर किती घ्यायचे? तीन, असं ठरलं; संस्कृतात दोनासाठी द्विवचन असल्याने बहुवचन तिनापासूनच सुरू होतं. नकारासाठी प्रसज्यप्रतिषेध आणि पर्युदास हा भेदही शास्त्रकारांनी केला: नकार क्रियेला लागतो की नामाला. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहन लेख असा वाद उरूच देत नाही. यज्ञांच्या दक्षिणेत गाई १७००, हत्ती १०, असे आकडे तिथे चिन्हांत कोरलेत.

मराठीकडे या बाबतीत स्वतःची एक गंमत आहे, ती आदरार्थी अनेकवचनाची. 'तहसीलदार आले नाहीत' या वाक्यात रूप अनेकवचनी, माणूस एकच. इथे मधली जागा नाही, आले किंवा नाही आले, विषय संपला. त्यावरून दिसतं की ती जागा क्रियापदाच्या प्रत्ययात नाही, ज्यांच्याविषयी बोलतो त्यांच्या अनेकपणात आहे. हेच वाक्य जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन्ही तालुक्यांच्या तहसीलदारांविषयी बोललं गेलं आणि एकच आलेले असले, की लगेच कुणीतरी विचारतं, 'दोघंही नाही, की एकच?'