मलबार हिल ते शिवडी : लाव्हावरची एक दिवसाची सहल

गिरगाव चौपाटीपाशी कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरलेली गाडी दोन-तीन मिनिटांत प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर पडते. तेवढ्या वेळात ती मलबार हिलच्या पोटातून गेलेली असते. एके ठिकाणी तर डोक्यावर सुमारे ७० मीटर जाडीचा डोंगर असतो. १२.१९ मीटर व्यासाच्या 'मावळा' यंत्राने हा दोन किलोमीटरांचा बोगदा पोखरला. पोखरलं ते काय? इथेच ओतून थिजलेला लाव्हा, लाव्हाबरोबर उडालेली राख आणि दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात साचलेला गाळ. मुंबई हे ज्वालामुखीने घडवलेलं बेट आहे, एवढं शाळेत शिकून आपण विसरतो. ते बघायला मात्र कुणी नेत नाही.

बघायला आपण आइसलँडला जातो. गेल्या काही वर्षांत तिथल्या सहलींच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांतही दिसू लागल्या आहेत. दर काही मिनिटांनी उसळणारा स्ट्रोक्कुरचा गरम पाण्याचा फवारा, गुलफॉसचा धबधबा, रेनिसफ्याराचा काळ्या वाळूचा किनारा आणि त्यावर उभे षटकोनी दगडी खांब, सगळं खरोखरच बघण्याजोगं आहे. त्या नवलामागचं कारणही साधं आहे. उत्तर अमेरिकेचा आणि युरोप-आशियाचा भूपट्ट तिथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत आणि त्या फटीतून लाव्हा वर येतो. रेक्यानेस द्वीपकल्पावर शेकडो वर्षांच्या शांततेनंतर २०२१ मध्ये उद्रेक सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं.

मुंबईच्या जागीही एके काळी जमीन अशीच फाटत होती. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे प्रचंड उद्रेक झाले. त्यांच्या थरांनी आजही महाराष्ट्रासह सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकलेला आहे. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई त्याच थरांचं बनलं आहे. त्यानंतर, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटून दूर गेला आणि मधे अरबी समुद्र पसरत गेला. मुंबईचे खडक या फाटाफुटीच्या काळातले आहेत. सह्याद्रीतला जोर ओसरल्यावरही इथला ज्वालामुखी धुमसत होता. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं वय मोजलं तेव्हा ते ६ कोटी ५ लाख वर्षांच्या आसपास भरलं, म्हणजे मुख्य उद्रेकांनंतर निदान ५० लाख वर्षांनी.

त्या ताणाची खूण आजही दिसते. लोणावळा-खंडाळ्याच्या कड्यांमध्ये लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असतात. पनवेलच्या पट्ट्यात ते वाकतात आणि मुंबईत येईपर्यंत पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, स्पष्ट कललेले असतात. पत्त्यांचा कॅट एका बाजूला तिरका सरकवला की खालचे पत्तेही कडेने दिसू लागतात, तसं इथे झालं आहे. पश्चिम किनाऱ्यावर सगळ्यांत वरचे, म्हणजे नवे थर आहेत आणि पूर्वेकडे जावं तसे खालचे, जुने थर उघडे पडतात. म्हणून ही सहल पश्चिमेकडून सुरू करावी आणि पूर्वेला जावं.

मलबार हिल

मेट्रो-३ च्या गिरगाव स्थानकावर किंवा चर्नी रोडला उतरून चौपाटीवर यावं आणि डोंगराकडे तोंड करून उभं राहावं. चौपाटीच्या बाजूला डोंगर एकदम उभा आहे. सिरी रोडची चढण पायांना ते लगेच सांगते. थर पश्चिमेला कलले की त्यांची तुटलेली कड पूर्वेला उभी राहते, तीच ही. ऑगस्ट २०२० च्या पावसात केम्प्स कॉर्नरजवळ बी. जी. खेर मार्गाखालचा उतार ढासळला, तोही याच पूर्वेच्या अंगाला. वर कमला नेहरू पार्कापाशी २०२५ मध्ये झाडीतून जाणारी, जमिनीपासून उचललेली ४८५ मीटरची लाकडी पायवाट सुरू झाली आहे. तिच्यावरून चौपाटीचा अर्धचंद्र आणि पायाखालचा उतार दोन्ही नीट दिसतात. सकाळी लवकर गेलेलं बरं.

तिथून वाळकेश्वरला उतरलं की बाणगंगा. शिलाहारांचे मंत्री लक्ष्मण प्रभू यांनी ११२७ मध्ये हा तलाव बांधल्याचं सांगतात. १७१५ मध्ये रामा कामत यांनी तो पुन्हा उभारला. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडं. श्रीरामाच्या बाणाने हे पाणी निघाल्याची कथा प्रत्येक मुंबईकराला ठाऊक असते. भूगोलाचं उत्तर असं की डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांमधून झिरपत खाली येतं आणि इथे झऱ्याच्या रूपाने वर येतं. दोन्ही उत्तरं ऐकत पायऱ्यांवर थोडा वेळ बसावं.

वरळी : बेडकांचं तळं

मुंबईच्या भूगर्भातलं सगळ्यांत मोलाचं पान वरळीला आहे, आणि ते वाचलं गेलं लंडनमध्ये. १८४७ मध्ये जी. टी. क्लार्क या अभियंत्याने मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिलेल्या टिपणाला जोडून रिचर्ड ओवेन यांनी एका इवल्याशा बेडकाच्या जीवाश्मांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला 'राना प्यूसिला' असं नाव दिलं. 'डायनोसॉर' हा शब्द जगाला दिला तो याच ओवेन यांनी, पाच वर्षं आधी. पुढे १९३० मध्ये हा बेडूक वेगळ्याच कुळातला ठरला आणि त्याचं नाव 'इंडोबॅट्रॅकस' झालं. १८५२ मध्ये मुंबईतले डॉक्टर एच. जे. कार्टर यांनी याच थरांतल्या कासवाचं वर्णन केलं.

बेसाल्टच्या खाली सापडलेली बेडकं, कासवं, पाणवनस्पती आणि शिंपल्यांसारखे सूक्ष्म जीव सांगतात ते असं : दोन उद्रेकांच्या मधे इथे गोड्या पाण्याची उथळ तळी होती. त्यांत गाळ साचत गेला, जीव नांदले, मेले, गाळात रुतले आणि नंतर आलेल्या लाव्हाने सगळ्यावर झाकण घातलं. डायनोसॉर नामशेष झाल्यानंतरचं, नव्याने सावरणारं जग या थरांत आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आज वरळीच्या टेकडीवर जलाशय, वसाहती आणि टॉवर आहेत. ते थर बघायला मिळणं अवघड. पण मेट्रो-३ च्या आचार्य अत्रे चौक किंवा वरळी स्थानकावर उतरून ओहोटीच्या वेळी कोळीवाड्यातल्या किल्ल्यापाशी गेलं, तर लाटांनी घासून गुळगुळीत केलेला काळा पाषाण भरपूर दिसतो. त्याच्या खळग्यांमध्ये कालवं आणि खेकडे यांचा संसार चाललेला असतो.

परळ-दादरचं पाणी आणि लालबागचा चिवडा

वरळीहून पूर्वेकडे निघालं की जमीन उतरते. मलबार हिल ते वरळी ही पश्चिमेची डोंगररांग आणि माझगाव, शिवडी, अँटॉप हिल ही पूर्वेची. मधे परळ, लालबाग, दादरचा सखल पट्टा. एके काळी इथे भरतीचं पाणी शिरायचं. हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून महालक्ष्मी आणि वरळीमधली खाडी १७८४ च्या सुमारास बंद झाली, मग भराव पडले, गिरण्या आल्या. दादरच्या हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी का तुंबतं, याची कारणं नाल्यांत आहेत तशीच या ठेवणीतही आहेत. पाऊस दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून इथे उतरतो आणि समुद्राला भरती असेल तर बाहेर जायला वाट उरत नाही. म्हणून वरळीला लव्ह ग्रोव्ह, हाजी अली, क्लीव्हलँड बंदर इथे पाणी उपसायची केंद्रं उभारावी लागली.

लालबागला उतरून जेवणाची वेळ साधावी. चिवडा गल्लीतून वाटेसाठी पाव किलो चिवडा घ्यावा.

शिवडी आणि परतीची गाडी

शिवडीचा किल्ला १६८० चा, इंग्रजांनी बांधलेला. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली तेव्हा तो पडला होता. किल्ला ज्या खडकाळ उंचवट्यावर आहे तो या पूर्वेच्या जुन्या रांगेचा भाग. मुंबईच्या पूर्वेकडच्या भागात काळ्या बेसाल्टपेक्षा राखेचे आणि दगडगोट्यांनी भरलेले थर अधिक भेटतात, आणि पाण्याखाली थिजल्यामुळे उश्यांसारखे गोल झालेले लाव्हाचे गोळेही मुंबई परिसरात आढळले आहेत. माथ्यावरून एकीकडे अटल सेतू, दुसरीकडे गोदी आणि खाली चिखलाचा विस्तीर्ण किनारा. हिवाळ्यापासून मेपर्यंत, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून गेलात तर फ्लेमिंगोही दिसतील.

परतताना हार्बरची गाडी पकडावी. वेळ असेल तर डॉकयार्ड रोडला उतरून भंडारवाडा टेकडीवरच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात जावं. टेकडीच्या पोटात पाण्याचा जलाशय आहे आणि वरून अख्खं बंदर दिसतं. मग सीएसएमटी.

फोर्टात फिरणं म्हणजे खाणीत न उतरता खडक बघणं. १८७८ मध्ये पुरं झालेलं उच्च न्यायालय काळ्या बेसाल्टचं. त्याच वर्षीचा राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या फिकट दगडाचा. डेव्हिड ससून लायब्ररी मालाडच्या पिवळ्या दगडाची. गडद आणि फिकट दोन्ही रंग एका इमारतीत बघायचे तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठावं : करडा बेसाल्ट कुर्ल्याचा, फिकट पिवळा ट्रॅकाइट मालाडचा. दोन्ही ज्वालामुखीचीच देणगी. ट्रॅकाइटमध्ये सिलिका जास्त म्हणून तो उजळ. संग्रहालय संध्याकाळी सहाला बंद होतं, हे ध्यानात ठेवून निघावं.

ज्यांना आइसलँडचे दगडी खांबच बघायचे आहेत त्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या साष्टी बेटावर, अंधेरी पश्चिमेला जावं. गिल्बर्ट हिल हा सुमारे ६१ मीटर उंच, उभ्या बहुकोनी खांबांचा सुळका आहे. लाव्हा थंड होऊन आकसला की त्याला अशा भेगा जातात. माथ्यावर गावदेवीचं देऊळ आणि चढायला खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत. चहूबाजूंनी इमारती दाटल्या आहेत, पण महापालिकेच्या वारसा यादीत नाव असल्यामुळे सुळका तरी उभा आहे.

तसं संरक्षण दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या थरांना मिळालेलं नाही. किल्ले, तलाव, इमारती वारसा ठरल्या. त्या ज्या खडकावर उभ्या आहेत त्याबद्दल सिरी रोडवर, वरळीत किंवा शिवडीत दोन ओळींचा मराठी फलक लावायला फारसा खर्च येणार नाही. महापालिकेने तो लावावा. पुढच्या मेट्रोच्या किंवा बोगद्याच्या कामात बेडकांच्या तळ्याचा एखादा थर लागला, तर भरावात टाकण्याआधी त्याचा तुकडा वस्तुसंग्रहालयात पोचवावा. आणि वाचकांनी आइसलँडला जरूर जावं, पण त्याआधी ओहोटीची वेळ बघून एक रविवार मलबार हिल ते शिवडी काढावा. लोकल-मेट्रोच्या तिकिटात होणारी ही सहल आहे.