गुरगुरू द्या तिला

आमची कुत्री चिंगी गुरगुरली आणि मी तिच्या तोंडावर चापट मारली. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण ती चापट माझ्या हाताला अजून आठवते.

साताऱ्यात आमचं बैठं घर आहे. पुढे ओटा, मागे परसदार, परसदारी एक न्हाणीघर आणि सरपणाची खोली. दिवाळी होऊन थंडी पडली होती. आपल्याकडच्या गावठी कुत्र्या बहुतेक पावसाळा सरताना माजावर येतात आणि साधारण 63 दिवसांनी वितात, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. त्यातलंच एक गटाराच्या कडेला कुडकुडत होतं. पदराखाली घेतलं आणि थेट स्वयंपाकघरात आणलं. चिंगीची ताटली तिथेच असते. पिल्लू तिच्या नाकासमोर धरून मी लाडाने म्हटलं, "बघ गं, तुझा भाऊ आला."

ती गुरगुरली. मी मारलं. पुढचे दोन दिवस असंच चाललं. ती दात दाखवायची, मी ओरडायचे. तिसऱ्या दिवशी ती गुरगुरली नाही. मला वाटलं, शहाणी झाली पोर. संध्याकाळी पिल्लू तिच्या ताटलीपाशी गेलं आणि तिने तोंडातून आवाजही न काढता त्याचा कान फाडला. तीन टाके पडले. पिल्लू कोरेगावला माझ्या धाकट्या जाऊबाईंकडे गेलं. तिथे ते सुखात आहे.

चूक चिंगीची नव्हती. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने चावण्याआधी दिलेली सूचना असते: मला हे जड जातंय, जरा लांब हो. मी तिला शिकवलं की सूचना दिली की मार बसतो. मग तिने सूचना देणं सोडलं. जड वाटणं होतं तसंच राहिलं. रेल्वेच्या फाटकाची घंटा बंद केली म्हणून गाडी यायची थांबत नाही. घरात दुसरा कुत्रा आणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, बाकीचं सगळं नंतर.

भुऱ्या आला तो गेल्या वर्षी, साधारण दहा महिन्यांचा. गाडीखाली येऊन मागचा पाय मोडलेला, तो जुळलेला, नसबंदी झालेली. या वेळी मी घाई केली नाही. आधी चिंगीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. सात वर्षांची कुत्री म्हणजे प्रौढ बाई. तिच्या सांध्यांत कळ असेल आणि अंगावर दांडगा पोरगा उड्या मारणार असेल, तर ती चिडणारच. तिचं सगळं ठीक निघालं. नर आणि मादी, दोघांचीही शस्त्रक्रिया झालेली, ही जोडी सहसा लवकर जमते, असंही डॉक्टरांनी सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांनी विचारली, ती मला फार मोलाची वाटते: "दुसरा कशासाठी हवाय?" पहिला एकटा राहिला की रडतो, दार ओरबाडतो, म्हणून सोबत आणायची असेल तर आणू नका, म्हणाले. तो माणसांसाठी रडत असतो. दुसरा आणल्यावर पुष्कळदा दोघं मिळून रडतात. दुसरा कुत्रा आपल्याला हवा असेल, दोघांचं खाणं, लशी, फिरणं आपल्याला झेपणार असेल, तरच आणावा.

भुऱ्या पहिले चौदा दिवस सरपणाच्या खोलीत राहिला. लोकांना हे निर्दयपणाचं वाटतं. पण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग अंगात शिरल्यावर दिसायला काही दिवस घेतात. पार्व्होचा विषाणू तर जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो. पातळ केलेल्या ब्लीचने पुसलं तर मरतो. शिवाय गोचीड. गोचिडांतून येणारा ताप आपल्याकडे किती कुत्री नेतो, ते कुठल्याही डॉक्टरांना विचारा. भुऱ्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत मी रोज उजेडात बघायचे. मधल्या काळात त्याची राहिलेली लस झाली.

ते चौदा दिवस वाया गेले नाहीत, कारण माझा धंदा गोधड्यांचा. जुन्या नऊवारी आणि धोतरांच्या गोधड्या मी शिवून देते. एक लहान गोधडी भुऱ्याखाली टाकली, एक चिंगीखाली. दोन दिवसांनी अदलाबदल केली. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून अधिक. आपण चेहऱ्याने ओळख करून घेतो, ती नाकाने घेतात. पहिल्या अदलाबदलीला चिंगीने गोधडी नाकाने हुंगली, पाठीवरचे केस उभे केले आणि ओट्यावर निघून गेली. मी गोधडी तिथेच ठेवली, बाजूला उकडलेल्या चिकनचे चार तुकडे टाकले आणि कामाला लागले. पाचव्या की सहाव्या दिवशी ती त्या गोधडीचा एक कोपरा अंगाखाली घेऊन झोपली. मी मशीनवरून उठलेच नाही, ती उठेल म्हणून.

मग भेट. घरात नाही, आमच्या गल्लीतही नाही, कारण ती गल्ली चिंगीची. यवतेश्वराच्या रस्त्यालगत एक मोकळं माळरान आहे, तिथे सकाळी सहाला गेलो. मुलाकडे भुऱ्याचा पट्टा, माझ्याकडे चिंगीचा. समोरासमोर आणायचं नाही, एवढं पक्कं ठरलं होतं. दोघांमध्ये वीस पावलं ठेवून एकाच दिशेने चालत राहिलो, वारीत दोन दिंड्या शेजारून चालतात तसे. पट्टा सैल. हे जमायला फार अवघड, कारण भीती आपल्याला वाटते आणि आपला हात आखडतो. पट्टा ताणला की कुत्र्याला कळतं, काहीतरी बिघडलंय. मुलगा मला सारखा म्हणत होता, "आई, हात सोड."

नॉर्वेच्या प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी कुत्र्यांच्या काही खुणा लोकांच्या ध्यानात आणून दिल्या: ओठ चाटणं, जांभई देणं, मान वळवणं, मध्येच जमीन हुंगणं, सरळ न जाता वळसा घेऊन जवळ जाणं. समोरच्याला आणि स्वतःलाही शांत करण्याचे हे मार्ग. त्या सकाळी हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. भुऱ्याने चिंगीकडे बघितलं की ती गवत हुंगायची, तिथे हुंगण्यासारखं काही नसताना. मग तो मान वळवायचा. अर्ध्या तासात वीस पावलांची आठ झाली. तिसऱ्या दिवशी त्याने वळसा घेतला, तिच्या मागून आला, शेपटीखाली हुंगलं. मी मनात तीनपर्यंत मोजलं आणि चिंगीला हाक मारली. एवढंच. पहिली भेट तीन सेकंदांची असावी. चांगलं चाललंय तोवरच संपवावी.

शेपटी हलते म्हणजे खूश आहे, असं आपण धरतो. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी त्याच्या उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. उघड्या डोळ्यांनी ते टिपणं कठीण. मला एवढं कळतं की ताठ, उंच धरलेली, टोकाशीच थरथरणारी शेपटी दिसली की दोघांत अंतर वाढवायचं, आणि सगळं ढुंगण हलत असेल तर श्वास सोडायचा. चौथ्या दिवशी भुऱ्याने पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवली, ढुंगण वर. खेळायला बोलावण्याची ती खूण. चिंगीने त्याच्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. आठवडाभराने मात्र तिनेही तसेच पाय पसरले, एकदाच, आणि लगेच सरळ झाली. मुलाला दाखवायला वळले तोवर संपलं होतं.

घरी आणण्याआधी मी ताटल्या, हाडं, चेंडू सगळं उचललं. आजही दोघं दोन खोल्यांत जेवतात, मध्ये दार बंद. शेजारच्या काकांचं म्हणणं होतं की पोराला पहिल्या दिवशी उताणं पाडून दाबून धरा, म्हणजे घरात मोठं कोण ते कळेल. ही समजूत 1947 सालच्या, बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून निघाली. तिला 1970 च्या पुस्तकाने जगभर नेणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे कुणी मारामारी करून पुढारी होत नाही. पुढे ते जुनं पुस्तक छापू नये, असाही त्यांनी आग्रह धरला. काकांना मी हे सांगितलं. दाबून धरलेला कुत्रा शिकतो ते एवढंच, की माणसाच्या हातांना भ्यावं.

चिंगीचा वाटा कमी होऊ न देणं, हे मात्र मी जपलं. संध्याकाळी ओट्यावर अर्धा तास आम्ही दोघीच बसतो, तो परसदारी असतो. झोपाळ्याखालची जागा तिची. भुऱ्याला वेगळी चटई, वेगळा कोपरा. कंटाळा आला की तिला जाता यावं म्हणून आमच्या खोलीच्या दाराला फळी लावली आहे. ती उडी मारून पलीकडे जाते, पायामुळे त्याला ती उडी जमत नाही. महिना, दीड महिना दोघांना माणसाशिवाय एकत्र ठेवलं नाही. जमायला किती दिवस लागतील, असं लोक विचारतात. कुणाला आठवडा लागतो, कुणाला सहा महिने. काही जोड्या गळ्यात गळा कधीच घालत नाहीत, नुसत्या एका छपराखाली शांत राहतात, आणि तेही भरपूर झालं. रक्त निघेपर्यंत भांडणं होऊ लागली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये; त्या दिवसापासून वेगळं ठेवावं आणि जाणत्या माणसाला बोलवावं.

काल दुपारी मी मेथी निवडत होते. चिंगी झोपाळ्याखाली गोधडीवर. भुऱ्या उन्हातून आला, जीभ बाहेर, आणि तिच्या दिशेने चार पावलं टाकली. ती डोळे न उघडता गुरगुरली, घशातल्या घशात. तो थांबला. ओठ चाटले, मान वळवून कुंडीतल्या तुळशीकडे बघितलं, आणि तिच्यापासून दोन हातांवर फरशीला पोट लावून पसरला. तिचं गुरगुरणं थांबलं. मी पुढची जुडी सोडली.