लाकडी जेट, पुन्हा लाकडातच

सुरुवातीच्या काळातल्या एखाद्या जेटचं रेडिओवर उडणारं मॉडेल करायचं, तर माझं मत डोळे झाकून द हॅविलंड व्हँपायरला. 20 सप्टेंबर 1943 रोजी इंग्लंडमध्ये हे विमान पहिल्यांदा उडालं. ताशी 850 किलोमीटरच्या पुढे जाणारं हे जेट, पण वैमानिक बसायचा तो पुढचा भाग चक्क लाकडी! आतून-बाहेरून प्लायवूड, मध्ये बाल्सा. मॉडेलवाल्यांच्या टेबलावर ज्याचा भुसा पडलेला असतो, तोच बाल्सा. आपल्या हवाई दलाचं पहिलं जेटही हेच. 1948 मध्ये ते भारतात आलं आणि पुढे बंगळुरूला तयारही होऊ लागलं.

एक दशांश मापाच्या मॉडेलचे पंख भरतात सुमारे 116 सेंटिमीटर. पोटात इंधन नाही, ज्वाळा नाही. असतो तो डक्टेड फॅन: नळकांड्यात बसवलेला 70 मिलिमीटरचा, बारा पात्यांचा पंखा आणि त्यामागे मुठीत मावणारी मोटर. ती मिनिटाला 45,000 फेऱ्यांपर्यंत जाते. गुणाकार करून बघा, पात्याचं टोक ताशी 600 किलोमीटरच्या आसपास धावत असतं! आणि ते नळीच्या भिंतीपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर. फट वाढली, की टोकाशी हवा उलटी निसटते आणि जोर घटतो.

हा पंखा खादाड का? विमान पुढे जातं ते हवा मागे ढकलून. भरपूर हवा सावकाश ढकला किंवा थोडी हवा जोरात, जोर सारखाच मिळू शकतो. पण तेवढ्याच हवेचा वेग दुप्पट केला, तर तिला द्यावी लागणारी ऊर्जा चौपट होते. मोठा प्रोपेलर पहिल्या वाटेने जातो, नळीतला चिमुकला पंखा दुसऱ्या. म्हणून 22 व्होल्टला 65 अँपिअर, म्हणजे जवळपास दीड किलोवॅट. बाथरूममधल्या गीझरची भूक, तीही दीड-दोन किलोच्या विमानाला. चार-पाच मिनिटांत बॅटरी संपते.

मग हवेचा रस्ता जपणं आलं. व्हँपायरचं गॉब्लिन इंजिन आजच्या मानाने अशक्तच. लांब नळीत त्याचा जोर वाया जाऊ नये, म्हणून द हॅविलंडने नळी आखूड ठेवली आणि शेपूट दोन दांड्यांवर मागे नेलं. हीच आखूड नळी आज मॉडेलवाल्याच्या पथ्यावर पडते. पंखांच्या मुळाशी असलेली हवेची तोंडं मात्र या पंख्याला अपुरी पडतात. मग त्यांच्या कडा तासून गोल करायच्या आणि पोटाखाली एक चोरभोक पाडायचं. मापाचे कट्टर लोक नाक मुरडतात, मुरडू द्यावं.

उड्डाणाच्या वेळी घाई चालत नाही. प्रोपेलरचा वारा शेपटावर येतो, इथे तो नाही. विमान पळून वेग घेईपर्यंत एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटावरची फळी, हलवून काही उपयोग नसतो.

उतरताना मात्र मॉडेलवाला सुखी. 3 डिसेंबर 1945 रोजी ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राऊन यांनी एचएमएस ओशन या जहाजावर व्हँपायर उतरवलं. विमानवाहू जहाजावर जेट उतरण्याची ती पहिलीच वेळ. पण उतरणं चुकलं, तर त्या काळच्या इंजिनांना थ्रॉटल उघडल्यावर जोर धरायला काही सेकंद लागत. विजेचा पंखा क्षणात उचल खातो, फक्त पुन्हा एक फेरी मारण्यापुरता चार्ज उरलेला हवा.