दीक्षाभूमीचा प्रवास आणि हातातले ओझे

अशोक विजयादशमी जवळ आली की आमच्या मरोळच्या वस्तीत नागपूरच्या तिकिटांची चौकशी सुरू होते. कोणाचे आरक्षण पक्के झाले, कोण प्रतीक्षा यादीत आहे, कोण सेकंड क्लासने उभ्याउभ्या जाणार, याची चर्चा विहाराच्या पायरीवर रोज चालते. तिकिटाचा विचार असा दोन महिने आधीपासून होतो. सामानाचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होतो. त्या रात्री जे डोळ्यांसमोर दिसेल ते पिशवीत कोंबले जाते. आम्ही प्रवासातले कोणी जाणकार नव्हे, बँकेत कारकुनी करणारी माणसे. पण वीस वर्षांच्या येण्याजाण्यातून, आणि त्यातही एका चुकीतून, जे शिकलो ते आमच्या बंधू-भगिनींपुढे मांडावे असे वाटले.

चूक आधी सांगतो. २००४ साली आम्ही लग्नानंतर प्रथमच सहकुटुंब नागपूरला निघालो. लग्नात मिळालेली मोठी कडक सूटकेस घरात नवी कोरी पडून होती. ती नेण्याची हौस. चौघांचे चार दिवसांचे कपडे, दोन टर्किश टॉवेल, इस्त्रीचा झब्बा, चकली-चिवड्याचे दोन डबे असे सारे तीत भरले. आमचे वडील त्या वेळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. गुडघ्यांमुळे त्यांना येणे जमणार नव्हते. त्यांनी एकच वस्तू मागितली होती. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या मालेतला अठरावा खंड. बाबासाहेबांची मराठी भाषणे असलेला हा खंड २००२ साली तीन भागांत निघाला. वडिलांना इंग्रजी येत नसल्याने आधीच्या बहुतेक खंडांचा त्यांना उपयोग नव्हता. या खंडाची त्यांनी वाट पाहिली होती.

नागपूर स्टेशन ते दीक्षाभूमी हे अंतर साडेतीन-चार किलोमीटरचे. एरवी ते काहीच नाही. पण त्या दिवशी रस्ताभर माणसांचा लोंढा असतो आणि त्या लोंढ्यात सूटकेसची चाके चालत नाहीत. ती उचलावी लागते, डोक्यावर घ्यावी लागते, आणि मागच्याच्या गुडघ्याला लागली की शिवी ऐकावी लागते. आम्ही आळीपाळीने तिची राखण करीत बसलो. एकाने दर्शनाला जायचे, दुसऱ्याने सूटकेसवर बसायचे. पुस्तकांच्या स्टॉलपुढची रांग संपून आमचा नंबर लागला तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि धरायला हात एकच मोकळा होता. तिन्ही भाग मिळत होते; आम्ही पहिला घेतला आणि बाकीचे पुढच्या वर्षी घेऊ म्हणून परतलो. घरी आल्यावर वडिलांनी पुस्तक हातात घेतले, मागेपुढे पाहिले आणि एवढेच विचारले, "सूटकेसमध्ये काय होतं रे?"

तेव्हापासून आम्ही सामानाचा हिशेब उलट्या बाजूने मांडतो. काय न्यायचे हा प्रश्न नंतरचा. येताना काय आणायचे आहे त्याची जागा आधी काढून ठेवायची. पिशवी जाताना अर्धीच भरायची. ही अक्कल आमची नव्हे. सहा डिसेंबरला दादरला पाणीवाटपाच्या सेवेला उभे राहिलो की ती दिसते. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेल्या माणसाच्या खांद्याला एक कापडी पिशवी असते. तीत चादर, भाकरी, एखादे लुगडे किंवा धोतर. शिवाजी पार्कवरून ती म्हातारी परत निघते तेव्हा भाकरीच्या जागी पुस्तके आणि एखादी तसबीर असते. तिला कोणी सामान बांधण्याचे शिक्षण दिलेले नाही. १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूरला पांढरे कपडे घालून जी माणसे पायी आणि बैलगाडीने पोचली, तीही अशीच शिदोरी बांधून आली होती.

रेल्वेचा नियम पाहिला तर स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो आणि सेकंड क्लासच्या तिकिटावर ३५ किलो सामान फुकट नेता येते. पुष्कळांना हा आकडा ऐकून धीर येतो. पण बँकेने ओव्हरड्राफ्टची मर्यादा मंजूर केली म्हणून ती सगळी उचलावीच असे नाही. फेडणे आपल्यालाच असते. आमची कसोटी निराळी आहे. पिशवी भरून झाली की निघण्याच्या दोन दिवस आधी ती खांद्याला लावून घरापासून मरोळ नाक्यापर्यंत चालत जावे आणि मेट्रोचा जिना न थांबता चढावा. दम लागला तर घरी येऊन दोन वस्तू काढाव्यात. पूर्वी आम्हाला बसने अंधेरी आणि तेथून लोकल, अशी धक्काबुक्की होती. २०१४ साली घाटकोपरची मेट्रो झाली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून मरोळ नाक्यावरून भुयारी मेट्रोने थेट सीएसएमटीला जाता येते, जेथून विदर्भ एक्सप्रेस सुटते. मुंबईतला त्रास पुष्कळ कमी झाला. नागपुरातले चालणे तेवढेच आहे.

आता प्रत्यक्ष काय न्यावे. अंगावर एक जोड, पिशवीत एक जोड, आणि दीक्षाभूमीसाठी पांढरा पोशाख. तो टेरीकॉटचा असेल तर रात्री धुऊन सकाळी घालता येतो. टर्किश टॉवेल नको, पंचा घ्यावा. एक जाडसर चादर घ्यावी. ती अंथरता येते, पांघरता येते आणि प्रसंगी तिचे गाठोडेही होते. खाणे जाण्याच्या रात्रीपुरते आणि दुसऱ्या सकाळपुरते पुरे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासात टिकतात. नागपुरात त्या दिवसांत ठिकठिकाणी भोजनदान चालू असते, उपाशी कोणी राहत नाही. आमच्या चकलीच्या डब्यांपैकी एक तर न उघडता परत आला होता.

तिकीट, ओळखपत्र, चार दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, चष्मा, पैसे या वस्तू मात्र मोठ्या पिशवीत ठेवू नयेत. त्यांची लहान पिशवी गळ्यात असावी. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना जुनी पुस्तके विकत घेऊन मोठा संग्रह केला होता. १९१७ साली ते लंडनहून मायदेशी परतले तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध चालू होते. ते जहाज पाणतीराने बुडाले आणि सामानातली पुस्तके समुद्रात गेली. भरपाईचे जे थोडे पैसे मिळाले त्यांतून बडोद्याला जाण्याचा खर्च भागला. युद्धापुढे कोणाचा इलाज नव्हता. आपल्याला मात्र लहान पिशवी अंगावर ठेवण्यावाचून कोणी अडवलेले नाही.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांची यादी येथे आठवते. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके. आठच वस्तू, त्यांतही सुई आहे हे लक्षात घ्यावे. फाटले तर नवे घ्यायचे नाही, शिवायचे आहे. आपण गृहस्थ आहोत, मुलेबाळे घेऊन जातो, आठ वस्तूंत आपले भागणार नाही. पण करणीयमेत्त सुत्तात "सल्लहुकवुत्ति" हा शब्द आपण दर रविवारी म्हणतो. हलकी, अल्प गरजांची राहणी असा त्याचा अर्थ. तो म्हणून झाल्यावर सूटकेस ओढताना आम्हाला थोडी लाज वाटते खरी.

एक गोष्ट पुरुषमंडळींसाठी. पुष्कळ घरांत सामान बाई भरते, कारण मुलाला ताप आला, सासूला थंडी वाजली तर बोलणी तिलाच बसतात. म्हणून ती प्रत्येक "लागलं तर" पिशवीत घालते. तिला कमी भर म्हणून सांगण्यापेक्षा प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावी आणि आपणच उचलावी. आमच्या घरी दहा वर्षांच्या मुलीलाही वेगळी पिशवी असते. पहिल्या वर्षी तिने तीत तीन बाहुल्या भरल्या होत्या. दुसऱ्या वर्षी एकच होती.

२००५ साली आम्ही दोन खांद्याच्या पिशव्या घेऊन गेलो आणि अठराव्या खंडाचे उरलेले दोन्ही भाग आणले. पुस्तके तळाशी, पाठीला लागून ठेवली आणि चादर वर, म्हणजे ओझे मागे ओढत नाही. वडिलांच्या डोळ्यांत त्या वर्षात काचबिंदू उतरला होता आणि छापील अक्षर त्यांना लागत नव्हते. पहिला भाग त्यांनी स्वतः वाचला होता. पुढचे दोन आम्ही बँकेतून आल्यावर रोज पाच-सहा पाने वाचून दाखवीत असू.