लाकडी रोलर कोस्टरचे उद्यान : प्रश्न उंचीचा नाही, निगराणीचा

जत्रा आणि पाळणा यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. माघ महिन्यात नेवाशाला मोहिनीराजांची यात्रा भरते. अशा कोणत्याही यात्रेत देवदर्शन आटोपले की पोरासोरांची पावले पाळण्यांकडे वळतात. एकेकाळी चार पेट्यांचा लाकडी रहाटपाळणा माणसे हातांनी फिरवीत. ‘मौत का कुआँ’च्या फळ्यांवर मोटारसायकल चढू लागली की त्या थरथरतात आणि वर उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. जगभरातील लाकडी रोलर कोस्टरचे आकर्षणही याच थरथरीत दडलेले आहे.

महाराष्ट्राने मोठी करमणूक उद्याने पाहिली आहेत. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि २०२२ साली बंद पडले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली उघडले. तेथील ‘नायट्रो’ हा पोलादी रुळांचा रोलर कोस्टर आहे. समजा, नेवासा तालुक्यात लाकडी रोलर कोस्टर केंद्रस्थानी ठेवून एखादे उद्यान उभारायचे ठरले, तर त्याचा आराखडा कसा असावा? ही केवळ कल्पना आहे. तथापि ती तपशिलाने मांडू लागले की अशा उद्यानात खरी किंमत कशाची मोजावी लागते, हे स्पष्ट होते.

लाकूडच का?

अमेरिकेत कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्प्सन यांनी १८८४ साली सुरू केलेली ‘स्विचबॅक रेल्वे’ ही या खेळाची व्यावसायिक सुरुवात मानली जाते. तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता. १९२० च्या दशकात लाकडी कोस्टर भरभराटीला आले, मात्र पुढच्या आर्थिक मंदीत त्यांतील अनेक मोडीत निघाले. १९७२ साली ओहायो राज्यातील किंग्ज आयलंड उद्यानात ‘द रेसर’ सुरू झाला आणि त्यांना पुन्हा दिवस आले. त्याच उद्यानातील १९७९ सालचा ‘द बीस्ट’ सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा असून जगातील सर्वांत लांब लाकडी कोस्टर हा मान आजही त्याच्याकडे आहे. आशियात जपानमधील ‘ज्युपिटर’ (१९९२) आणि दक्षिण कोरियातील ‘टी एक्स्प्रेस’ (२००८) ही ठळक उदाहरणे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोस्टर लाकडी ठरतो तो खांबांमुळे नव्हे, तर रुळामुळे. कोनी आयलंडच्या १९२७ सालच्या प्रसिद्ध ‘सायक्लोन’चा सांगाडा पोलादी आहे, तरी तो लाकडीच गणला जातो. फळ्यांचे सात-आठ थर एकावर एक ठोकून रूळ तयार करतात आणि चाक जेथे टेकते तेथे पोलादी पट्टी बसवतात. आपल्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, तोच हा विचार. झीज लोखंडाने सोसायची आणि दणका लाकडाने जिरवायचा. गाडी वेगाने जाते तेव्हा सगळी रचना किंचित हलते. हे हलणे गृहीत धरूनच ती उभारलेली असते. पोलादी रुळावरची सफर गुळगुळीत असते, तर लाकडी रुळावर गाडी खडखडते, थरथरते आणि प्रवाशाला वेग अंगावर जाणवतो.

उताराचे गणित

रोलर कोस्टरच्या गाडीला सहसा इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते. चढताना ऐकू येणारी ‘कट-कट’ ही गाडी मागे घसरू न देणाऱ्या खिट्टीची असते. पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षण करते. घर्षणामुळे शक्ती खर्च होत जाते, म्हणून पहिला चढ सर्वांत उंच आणि पुढचे क्रमाने लहान ठेवावे लागतात. माथ्यावरून गाडी झपकन खाली वळते तेव्हा शरीर क्षणभर आसनावरून उचलले जाते. तेवढ्या क्षणासाठी लोक तासभर रांगेत उभे राहतात. गाडीने रूळ सोडू नये म्हणून तिला वरून, बाजूने आणि खालून अशी तीन प्रकारची चाके असतात. रुळाला खालून धरणाऱ्या चाकाचे पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतले आणि उंच, तीव्र उतार शक्य झाले.

आराखडा करणाऱ्याने एक आकडेमोड जवळ ठेवावी. घर्षण वगळले तर ३० मीटर उंचीवरून उतरणाऱ्या गाडीचा वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर होतो. उंची निम्मी, म्हणजे १५ मीटर केली, तर तो ताशी सुमारे ६२ किलोमीटर राहतो. उंची अर्ध्याने घटली तरी वेग एक-तृतीयांशानेही घटत नाही. लाकूड, पाया आणि देखभाल यांचा खर्च मात्र उंचीबरोबर झपाट्याने वाढतो. नवख्या उद्यानाने विक्रमाच्या मागे न लागता मध्यम उंचीचा, भरपूर लहान चढउतारांचा मार्ग आखावा, हे यातून निघते.

नेवाशाची माती, नेवाशाची हवा

जागेची निवड हा पुढचा प्रश्न. नेवासे ही ‘ज्ञानेश्वरी’ची जन्मभूमी. शके १२१२ मध्ये हा ग्रंथ येथे सिद्ध झाला आणि पैस खांबाच्या दर्शनासाठी वारकरी येथे येत असतात. प्रवरेकाठच्या टेकाडावर डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि येथील मानवी वस्तीचे प्राचीनत्व उजेडात आणले. खडखडाट आणि किंकाळ्यांचा खेळ मंदिर, नदीपात्र आणि पुरातत्त्वीय भाग यांपासून दूरच हवा. अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर महामार्गावर नेवासा फाट्याच्या बाजूला तो अधिक शोभेल.

परंतु येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराच्या भिंतीला गेलेली तड बुजवता येते, पण रुळाची पातळी थोडी जरी बिघडली तरी गाडीला धक्का बसतो. म्हणून खांबांचा पाया फुगणाऱ्या थराच्या खाली, मुरमापर्यंत न्यावा लागेल. हवेचेही तसेच. वैशाखात लाकूड वाळून आकसते, नट-बोल्ट सैल पडतात, आषाढात तेच लाकूड पाणी पिऊन फुगते. वाळवी तर बारमाही. गाडीच्या चाकाला चालणारी बाभूळ चिवट खरी, पण लांब आणि सरळ मिळत नाही. साग महाग. परदेशात यासाठी प्रामुख्याने रासायनिक प्रक्रिया केलेले पाइन लाकूड वापरतात.

आगीचा धोका सर्वांत मोठा. राजकोट येथील गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक जणांचा बळी गेला. लाकडी कोस्टर म्हणजे उघड्यावर रचलेला लाकडाचा डोंगर. त्यातून नेवासा हा उसाचा तालुका आणि तोडणीनंतर शेतात पाचट पेटवण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. भोवती मोकळा पट्टा, स्वतंत्र पाणीसाठा आणि रचनेजवळ वेल्डिंगला सक्त मनाई या गोष्टी आराखड्यात पहिल्या पानावर असाव्यात.

दिवसाची सुरुवात सुताराने

किंग्ज आयलंडमध्येच २००० साली ‘सन ऑफ बीस्ट’ हा अतिउंच लाकडी कोस्टर गाजावाजाने उभा राहिला. २००६ साली त्याच्या रचनेतील लाकडाला तडा गेल्याने गाडीला जबर दणका बसला आणि सत्तावीस प्रवासी जखमी झाले. दुरुस्त्या झाल्या, पण २००९ साली तो बंद पडला आणि २०१२ साली पाडला गेला. याउलट मेलबर्नच्या लुना पार्कमधील ‘ग्रेट सीनिक रेल्वे’ १९१२ पासूनची असून तिच्या गाडीवर उभा असलेला ब्रेकवाला आजही हाताने वेग आवरतो. ती फार उंच नाही, की फार वेगवानही नाही. शंभराहून अधिक वर्षे ती टिकली, याचे श्रेय सातत्याने झालेल्या निगराणीला द्यावे लागेल.

लाकडी कोस्टर एकदा बांधून पूर्ण झाला असे कधीच होत नाही. रोज सकाळी पहिली गाडी सुटण्यापूर्वी कामगार रूळ पायी तपासतो, बोल्ट आवळतो, कुजलेली फळी खुणावून ठेवतो. दर हंगामात रुळाचे काही भाग नव्याने बसवावे लागतात. आपल्या कल्पनेतील उद्यानात सुतारकामाची कार्यशाळा सर्वांत आधी उभी राहावी, ती यासाठीच. बैलगाड्या घडवणाऱ्या सुतारांचे काम ट्रॅक्टर-ट्रॉलीने हिरावले. लाकडाचा आवाज ऐकून त्यातली पोकळी ओळखणारे हे हात योग्य प्रशिक्षण मिळाल्यास येथे उपयोगी पडतील. अभियंत्याची आकडेमोड आणि सुताराचा अनुभव यांची येथे सारखीच गरज आहे.

खरी कसोटी मात्र गर्दीच्या दिवशी लागेल. चोवीस आसनांची गाडी दर दोन मिनिटांनी सुटली तर तासाला ७२० जणांची सफर होते. आठ तासांत ही संख्या पावणेसहा हजारांपर्यंत जाते. सुट्टीचा दिवस आहे, तिकिटे विकली गेली आहेत, रांग फाटकाबाहेर गेली आहे आणि सकाळच्या तपासणीत एका फळीला तडा दिसला आहे. त्या क्षणी ‘आज गाडी सुटणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? तो तिकीटखिडकीच्या हाती असेल, तर उद्यान कितीही देखणे असले तरी ते धोक्याचे. तो तपासणाऱ्याच्या हाती असेल आणि त्याचा शब्द मालकालाही मोडता येत नसेल, तर त्या उद्यानात आपली मुले निर्धास्तपणे पाठवता येतील. हे कलम आराखड्यात लिहिले गेले, की मग पहिला खांब रोवायला हरकत नाही.