मॅशेटीची निवड : लांबीपेक्षा लाकूड पाहावे

ब्रिटनमध्ये रानातील मुक्कामासाठी अनेक जण लांबलचक मॅशेटी विकत घेतात आणि ओकच्या पहिल्याच वाळक्या फांदीपाशी त्यांचा हिरमोड होतो. दोष पात्याचा नसतो, निवडीचा असतो. लॅटिन अमेरिकेतील मॅशेटीचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे पाते ऊस, गवत आणि कोवळ्या वेलींसाठी घडलेले आहे. कठीण लाकडावर ते थरथरते आणि उसळते. निवाऱ्यासाठी मनगटाएवढ्या फांद्या तोडायच्या असतील, तर १२ ते १४ इंचांचे, जाड आणि टोकाकडे जड असलेले पाते घ्यावे. कोकणातील कोयत्याची आठवण करून देणारे इंग्लंडचे बिलहुकही याच कामाचे. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे. मूठ ओल्या हातातूनही निसटू नये.

कायद्याचे भानही हवे. सबळ कारणाविना असे पाते सार्वजनिक ठिकाणी बाळगणे गुन्हा आहे. शिवाय आठ इंचांहून लांब, अणकुचीदार आणि दातेरी धार किंवा एकाहून अधिक छिद्रे असलेली मॅशेटी इंग्लंड व वेल्समध्ये २४ सप्टेंबर २०२४पासून घरी ठेवण्यासही बंदी आहे. म्हणून पाते साधे निवडावे, म्यानात ठेवावे आणि फांदी तोडण्यापूर्वी जमीनमालकाची परवानगी घ्यावी.